उमेदवारीची उमेदवारी

आमच्या महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन पुढे विधी शाखेकडे वळलेली एक विद्यार्थिनी गेल्या मे महिन्यात भेटावयास आली होती. कायद्याची पदवी तिच्या पदरात पडली होती आणि इंग्लंडमधील एका विद्यापीठात एका वर्षाच्या एलएल. एम. साठी प्रवेशही मिळाला होता. वडील एका पतसंस्थेत लेखनिक आहेत. राहते घर तारण ठेवून कर्ज काढण्याची त्यांनी तयारी केली होती. सप्टेंबरात निघावयाचे, तेथे गेल्यावर ट्रेनी सॉलिसिटरच्या जागेसाठी अर्ज करावयाचे, दोन वर्षे काम शिकावयाचे आणि सॉलिसिटर व्हावयाचे, असा तिचा सरळ हिशेब होता. तिचा प्रश्न एवढाच होता : "सर, किती अर्ज करावेत? कोणी पन्नास म्हणतात, कोणी शंभर."

मी कायद्याचा माणूस नव्हे. परंतु जागा थोड्या, इच्छुक फार, आणि दोघांच्या मध्ये अर्ज नावाचा एक कागद, हा प्रकार शेवटी बाजारपेठेचा आहे, आणि बाजारपेठेविषयी बोलण्याचा अर्थशास्त्राच्या अध्यापकाला थोडासा अधिकार आहे असे समजून मी ह्या विषयाची माहिती काढू लागलो. ती काढता काढता ध्यानात आले की, तिचा प्रश्नच मुळात चुकला होता. ह्या बाजारात 'किती' ह्या प्रश्नाला फारशी किंमत नाही. खरा प्रश्न 'केव्हा' हा आहे, आणि त्याचे उत्तर तिला कोणी सांगितलेच नव्हते.

प्रथम ही जागा म्हणजे काय ते पाहू. इंग्लंड व वेल्समध्ये वकिलांचे दोन वर्ग आहेत. न्यायालयात प्रामुख्याने युक्तिवाद करणारा तो बॅरिस्टर. अशिलाला प्रत्यक्ष भेटणारा, दस्तऐवज, करार, मालमत्ता, कंपन्यांचे व्यवहार पाहणारा तो सॉलिसिटर. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ही विभागणी दीर्घकाळ होती. कायद्याने ॲटर्नींचा वेगळा वर्ग १ जानेवारी १९७७ पासून संपला. तथापि १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा त्यानंतरही घेत राहिली, आणि फोर्ट भागातील पेढ्यांतून आर्टिकल क्लार्क म्हणून राबणारी मुले आजही दिसतात. चार्टर्ड अकाउंटंटकडे 'आर्टिकलशिप' करणारा मुलगा तर प्रत्येक चाळीत एखादा असतोच. सॉलिसिटरच्या हाताखालची इंग्लंडमधील उमेदवारी ह्याच जातीची. १९९० च्या सुमारास तेथे 'आर्टिकल्ड क्लार्क' हे जुने नाव जाऊन 'ट्रेनी सॉलिसिटर' हे नवे नाव आले, आणि कराराला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणू लागले. मुदत दोन वर्षांची. मोठ्या पेढीत बहुधा सहा-सहा महिने चार खात्यांत बसवितात. त्या प्रत्येक मुक्कामाला 'सीट' म्हणतात.

मराठीत 'उमेदवारी' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, हे मला नेहमीच मार्मिक वाटत आले आहे. काम शिकण्यासाठी अल्प वेतनावर राबणे ही उमेदवारी, आणि जागा मागण्यासाठी उभे राहणे हीही उमेदवारीच. इंग्लंडमधील तरुणांना आज पहिल्या उमेदवारीसाठी दुसरी उमेदवारी करावी लागते, आणि दुसरी पहिलीपेक्षा कठीण झाली आहे.

पूर्वी हे दार पैशाने उघडत असे, व ते उघडपणे. १७२८ च्या कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. मुलाला ठेवून घेण्याबद्दल सॉलिसिटर त्याच्या बापाकडून रोख रक्कम घेत असे आणि वर मुलाला पगार देत नसे. आपल्या मुंबईकरांना ही पागडीच वाटेल. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये नायकाची आत्या त्याला प्रॉक्टरच्या कचेरीत ठेवण्यासाठी हजार पौंड भरते. प्रॉक्टर हा धर्मन्यायालयांतला सॉलिसिटरच. पुढे आत्याचे दिवाळे निघाल्यावर डेव्हिड त्या रकमेतले काही परत मिळते का म्हणून विचारावयास जातो आणि हात हलवीत परत येतो. कादंबरी १८४९-५० मधली; पण घर तारण ठेवणाऱ्या कोणत्याही पालकाने तो प्रसंग वाचावा.

ॲडम स्मिथला ह्या साऱ्या पद्धतीचा मनस्वी तिटकारा होता. लांबलचक उमेदवारी ही कामगाराच्या हिताची नसून धंद्यातल्या जुन्या मंडळींनी स्पर्धा रोखण्यासाठी उभारलेली भिंत होय, असे त्याने १७७६ साली लिहिले. त्याच प्रकरणात तो म्हणतो की, मुलाला चांभाराकडे ठेवले तर तो जोडे शिवावयास शिकेल ह्यात शंका नाही. कायदा शिकावयास धाडले तर त्यावर पोट भरण्याइतका तो तरबेज होण्याचा संभव वीसात एक. आणि तरीही बाप मुलाला कायद्याकडेच पाठवितो, कारण तरुणांना आपल्या नशिबावर अवाजवी भरवसा असतो. हे निरीक्षण अडीचशे वर्षांनंतरही शिळे झालेले नाही.

पैशाखेरीज दुसरीही भिंत होती, आणि तिच्याशी आपल्या मातीतील एका बाईचा संबंध येतो. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची बी. सी. एल. ही परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतर लंडनच्या लिंकन्स इन भागातील एका सॉलिसिटरांच्या पेढीत त्यांनी काही महिने काम शिकून घेतले. काम शिकता आले. सॉलिसिटर होता आले नसते. स्त्रियांना सॉलिसिटर होता येत नाही, असे तेथील अपील न्यायालयाने १९१३ साली सांगितले. १९१९ च्या कायद्याने ती बंदी उठली आणि १९२२ मध्ये कॅरी मॉरिसन ह्या पहिल्या महिला सॉलिसिटर झाल्या. त्याच वर्षी ऑक्सफर्डने सोराबजींना, परीक्षेनंतर तीस वर्षांनी, पदवी दिली.

ह्या दोन्ही भिंती आज नाहीत. उमेदवाराकडून रक्कम घेणे विसाव्या शतकात हळूहळू बंद पडले आणि उलट त्याला पगार मिळू लागला. लंडनमधील बड्या व्यापारी पेढ्या तर निवडलेल्या मुलांच्या परीक्षेचे शुल्क भरतात, शिकत असताना निर्वाहखर्चही देतात. (लहान पेढ्यांची गोष्ट वेगळी. प्रशिक्षणार्थींना किती किमान वेतन द्यावे हे ठरविण्याचे काम नियामक मंडळाने २०१४ साली सोडून दिले. तेव्हापासून कायद्याचे आधार आहे ते सर्वसामान्य राष्ट्रीय किमान वेतनाचेच.) मग पागडी गेली म्हणावी काय? माझे मत असे की, ती गेली नाही. तिचे चलन बदलले. पूर्वी ती पौंडांत भरावी लागे, आता ती आगाऊ माहितीच्या रूपाने भरावी लागते.

ते कसे, हे पंचांग पाहिले की कळते. बड्या पेढ्या दोन वर्षे पुढचे पाहून भरती करतात. इंग्लंडमध्ये कायद्याची पदवी तीन वर्षांची. विद्यार्थी दुसऱ्या वर्षात असतानाच, म्हणजे विसाव्या वर्षाच्या आसपास, पेढीकडे अर्ज करतो. बहुधा तो थेट जागेसाठी नसतो. सुट्टीतील एक-दोन आठवड्यांच्या 'व्हेकेशन स्कीम'साठी असतो. तेथे मुलांना पारखून त्यांतूनच पुष्कळ जागा भरल्या जातात. अर्जांची मुदत शरद ऋतूत सुरू होते आणि अनेक ठिकाणी नाताळच्या आगेमागे संपते. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीही आता ओळखवर्ग निघाले आहेत. ज्याचा बाप, काका किंवा शाळेतील मार्गदर्शक ह्या जगातला आहे, त्याला हे सारे अठराव्या वर्षी ठाऊक असते. ज्याच्या घरात कोणी पदवीधर नाही, त्याला ते पदवी हाती आल्यावर कळते, आणि तेव्हा दोन वर्षांपुढील जागा भरून गेलेल्या असतात.

आता माझ्या विद्यार्थिनीचा हिशेब ह्या पंचांगावर ठेवून पाहा. ती सप्टेंबरच्या अखेरीस पोहोचणार. खोली शोधणे, बँकेत खाते उघडणे, थंडीचे कपडे घेणे ह्यात ऑक्टोबर जाणार. मुदती तोवर अर्ध्या सरलेल्या. समजा, ह्या गडबडीत तिने अर्ज केला आणि जागा मिळाली. ती सुरू होणार दोन वर्षांनी. एलएल. एम. मात्र बारा महिन्यांत संपणार. मधल्या काळात तिने राहावयाचे कोठे, कमवावयाचे काय? २०२१ पासून पदवीनंतर दोन वर्षे राहण्याची परवानगी मिळू लागली, परंतु १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ती दीड वर्षावर आणण्याचे ठरले. शिकत असताना सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही. त्यापुढे राहावयाचे तर पेढीने तिला कुशल कर्मचारी म्हणून पुरस्कृत केले पाहिजे. त्यासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा २०२४ च्या एप्रिलमध्ये २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० वर गेली आणि २०२५ च्या जुलैत ४१,७०० झाली. नवशिक्यांना त्यात काही सूट आहे, हे खरे. तरीही गावातील लहान पेढीला तेवढा पगार परवडत नाही, आणि बड्या पेढीचे दार ऑक्टोबरातच किलकिले होऊन मिटते. ह्याचा अर्थ असा की, परदेशातून एका वर्षासाठी जाणाऱ्याने तिकडे गेल्यावर अर्जांचा विचार करणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभे राहणे होय. अर्जांचे नियोजन विमानात बसण्यापूर्वी वर्षभर, येथे बसून करावयाचे असते. ही गोष्ट तिला प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नव्हती, आणि येथील सल्ला देणाऱ्या दलालानेही ती सांगितली नव्हती. दोघांनाही शुल्क मात्र मिळणार होते.

असे होते का? ॲल्व्हिन रॉथ ह्या अर्थतज्ज्ञाने ह्याचा फार सुरेख उलगडा केला आहे. चांगली माणसे दुसऱ्याने पळवू नयेत म्हणून प्रत्येक मालक थोडा लवकर निवड करू लागतो, त्याचे पाहून दुसरा आणखी लवकर करतो, आणि होता होता निवड इतकी मागे सरकते की, उमेदवाराची लायकी ठरण्यापूर्वीच ती होऊन जाते. मग निवडावयाचे कशावरून? घराणे, शाळा, बोलण्याची ढब ह्यांवरून. सॉलिसिटरांच्या बाबतीत, अंतिम वर्षाच्या ठरावीक तारखेआधी जागा देऊ नयेत असा एक ऐच्छिक संकेत एके काळी होता. ऐच्छिक असल्यामुळे तो टिकला नाही. ह्याउलट बॅरिस्टरांनी आपल्या उमेदवारीसाठी एक सामायिक वेळापत्रक केले, २०२० च्या अखेरीस ते सर्वांना बंधनकारक केले : अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत, निकाल मे महिन्यात. तेथेही जागा थोड्याच आहेत. पण निदान दार केव्हा उघडते ते सर्वांना एकाच वेळी कळते. सॉलिसिटरांनी हे का करू नये, ह्याचे समर्पक उत्तर मला कोठे वाचावयास मिळाले नाही.

आता 'किती'कडे वळतो. मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये दाखविले की, मालकाला उमेदवाराचे अंतरंग दिसत नसते, म्हणून तो खुणांवर विसंबतो; आणि खूण विश्वासार्ह ठरावयाची तर ती मिळविण्यास काही कष्ट पडले पाहिजेत. अर्ज हीही एक खूण आहे. 'आमचीच पेढी का?' ह्या प्रश्नाचे उत्तर लिहावयास चार दिवस लागत, तोवर त्या उत्तराला अर्थ होता. संगणकावर एकाच मजकुरात पेढीचे नाव बदलून शंभर ठिकाणी धाडता येऊ लागले, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर तर नाव बदलण्याचेही श्रम उरले नाहीत, तेव्हा ही खूण पुसली गेली. अर्जांचे ढीग वाढले. पेढ्यांनी मग तर्कशक्तीच्या परीक्षा आणि यंत्रासमोर बसून द्यावयाच्या मुलाखती अशा नव्या चाळण्या लावल्या. प्रत्येकाने अधिक अर्ज केले, कोणाचीही संधी वाढली नाही, सर्वांचे श्रम मात्र वाढले.

साधा हिशेब मांडू. एक अर्ज मन लावून करावयाचा तर दहा तास धरावे. पन्नास अर्जांचे पाचशे तास होतात. आठवड्याला दहा तास मिळाले तरी हे पन्नास आठवड्यांचे काम, म्हणजे तिचे अवघे वर्ष. तेव्हा पन्नास अर्ज करणारा ते मन लावून करीत नसतो, हे उघड आहे. आठ-दहा अर्ज करावेत. पण ते निरनिराळ्या पंचांगांवर चालणाऱ्या पेढ्यांना वाटून करावेत. दोन-तीन बड्या, ज्या दोन वर्षे आधी निवडतात. चार-पाच मध्यम, प्रांतिक शहरांतल्या, ज्यांची मुदत पुढे असते. आणि लहान पेढ्यांत बहुधा आधी पॅरालीगल म्हणून, म्हणजे साहाय्यक म्हणून, शिरकाव करून घ्यावा लागतो. मात्र अर्ज लिहिण्यापूर्वीच प्रत्येकीला विचारावे की, परदेशी उमेदवाराला तुम्ही पुरस्कृत करता काय. ह्या एका प्रश्नाने यादी निम्मी होईल. पण ती आधी निम्मी होणे बरे.

ह्यात आणखी एक वाट आहे, आणि तिच्याविषयी आपल्या मुलांना फारच थोडे ठाऊक असते. १ सप्टेंबर २०२१ पासून तेथे सॉलिसिटर होण्याची पद्धत बदलली. सर्वांना एकच परीक्षा, दोन भागांत : पहिल्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात सोळा प्रात्यक्षिक कसोट्या. दोन वर्षांचा अनुभव एकाच पेढीत घेण्याची सक्ती राहिली नाही. तो चार ठिकाणांपर्यंत विभागून, कायदा सल्ला केंद्रातील कामासह, जमविता येतो. आणि मुख्य म्हणजे ज्याने दुसऱ्या देशात वकिलीची सनद घेतली आहे, त्याला ह्या अनुभवाची अटच नाही, परीक्षा द्यावयाची. तिचा पहिला भाग इंग्लंडबाहेरच्या केंद्रांवरूनही देता येतो. शुल्क आरंभी दोन्ही भागांचे मिळून ३,९८० पौंड होते, ते दोन-तीन वर्षांतच साडेचार हजारांपुढे गेले. लेखनिकाच्या घराला ती रक्कम लहान नव्हे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने नोकरी मिळते असेही नाही. परंतु घर तारण ठेवण्यापूर्वी हा दुसरा हिशेब कागदावर मांडला गेला पाहिजे होता, आणि तो कोणी मांडला नव्हता.

जुलैत ती पुन्हा आली, तेव्हा एका पेढीसाठी तयार केलेल्या अर्जाचा मसुदा बरोबर होता. व्यापारी कायद्याविषयी आपल्याला लहानपणापासून तळमळ आहे, असे त्यात लिहिले होते. लहानपणी ती तळमळ कोठे दिसली, असे मी विचारले, ती हसली. मग सहज बोलताना कळले की, पदवीच्या काळात सुट्टीच्या दिवशी ती वडिलांबरोबर पतसंस्थेत बसत असे आणि थकीत कर्जदारांविरुद्ध सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळविण्यासाठी लागणारी प्रकरणे तयार करीत असे : खातेउतारे, जामीनदारांच्या नोटिसा, तारखांचा तक्ता. दोन वर्षे हे काम केले होते. एका जामीनदाराची सही खोटी असल्याचे तिनेच पकडले होते. अर्जात ह्याचा एक शब्दही नव्हता. "ते काय, सर, गावच्या पतसंस्थेचे काम," ती म्हणाली. कर्ज बुडाल्यावर कागद कसे उभे करावयाचे हे ठाऊक असलेली मुलगी, बँकांची कर्जप्रकरणे पाहणाऱ्या पेढीपुढे ते लपवून ठेवीत होती आणि उसनी तळमळ पुढे करीत होती. आपल्या शिक्षणाने हे केले आहे, आणि त्यात मीही आहे. वर्गात अर्थव्यवस्थेची उदाहरणे मी लंडन-न्यूयॉर्कची दिली, पतसंस्थेचे एकही दिल्याचे आठवत नाही.

मसुदा तिने बदलला आहे. कर्जाच्या कागदांवर वडिलांनी अद्याप सही केलेली नाही; प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, अशी विचारणा तिने विद्यापीठाकडे केली असून उत्तराची वाट पाहणे चालू आहे. तोवर येथे सनदेसाठी अर्ज केला आहे. नातेवाइकांना मे महिन्यातच पेढे वाटले होते, त्यामुळे घरात थोडी कुरकूर आहे. दरम्यान पतसंस्थेत बसून तिने स्वतः हाताळलेल्या वसुलीच्या प्रकरणांची यादी करावयास घेतली आहे. परवा भेटली तेव्हा ती एकशे बारापर्यंत आली होती.